मोबाईल आपल्या खिशात, किल्ली कंपनीच्या खिशात

पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली होते, असा आपला साधा समज आहे. सायकल घेतली की तिचे सीट बदलता येते, हँडल बदलता येते. रेडिओ बिघडला तर तो उघडून बघता येतो. सायकल किंवा रेडिओ बनवणारी कंपनी आपल्या घरी येऊन ‘हे उघडायचे नाही’ असे म्हणत नाही. स्मार्टफोनच्या बाबतीत हा समज खरा ठरत नाही. बिल आपल्या नावावर, हप्ता आपण भरायचा, पण त्यात कोणाचे सिम चालेल, कोणते ॲप काढता येईल, कोणती प्रणाली टाकता येईल, हे ठरवण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो.

या बंधनाविरुद्ध गेली अठरा-वीस वर्षे जगभर झगडा चालू आहे. अनलॉकिंग, जेलब्रेक, रूटिंग, कस्टम रॉम हे शब्द आपल्या तरुणांना नवे नाहीत. वस्तीतली कितीतरी पोरे मोबाईल रिपेअरिंगच्या टपरीवर बसून ‘सॉफ्टवेअर मारायला’ शिकली आहेत. पण हा विषय ‘टेक्निकल’ आहे म्हणून चळवळीच्या चर्चेत येत नाही. आमचे म्हणणे असे की हा मालकीचा आणि हक्काचा इतिहास आहे, आणि म्हणूनच तो आपला विषय आहे.

कुलपे तीन, हे आधी समजून घेऊ

पहिले कुलूप सिमचे. फोन एकाच कंपनीच्या नेटवर्कवर चालतो, दुसरे सिम टाकले की नकार देतो. हे काढणे म्हणजे अनलॉकिंग. दुसरे कुलूप प्रणालीच्या आतले. आयफोनमध्ये ॲपलच्या दुकानाबाहेरचे ॲप चालू नये म्हणून घातलेल्या बंधनाला लोकांनी तुरुंग म्हटले आणि ते मोडण्याला जेलब्रेक. अँड्रॉइडमध्ये सर्वाधिकार मिळवण्याला रूटिंग म्हणतात. तिसरे कुलूप बूटलोडरचे. फोन सुरू होताना जो पहिला प्रोग्रॅम चालतो, तो कंपनीची सही नसलेली प्रणाली सुरूच होऊ देत नाही. हे कुलूप उघडले तर आख्खी प्रणाली बदलून कस्टम रॉम टाकता येते.

या तिन्ही कुलपांच्या मागे युक्तिवाद एकच असतो: आम्ही तुम्हाला वस्तू दिली आहे, तिच्यावरचा ताबा दिलेला नाही.

वतनाची आठवण

हा युक्तिवाद आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकलेला आहे. महार वतन म्हणजे काय होते? गावाने आणि सरकारने जमिनीचा एक तुकडा द्यायचा, बलुते द्यायचे, आणि त्याच्या बदल्यात आख्ख्या घराने रात्री-अपरात्री हाक येईल तेव्हा राबायला जायचे. जमीन नावावर दिसायची, पण तिच्यासोबत आलेली बांधिलकी पिढ्यान्‌पिढ्या सुटत नव्हती. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या व्यवस्थेला सरकारी शिक्का दिलेला होता.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यातली एक मागणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. ज्या वतनदाराला सेवेतून सुटायचे आहे त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा, जमीन त्याच्याकडे राहावी आणि चाकरीचे बंधन संपावे. म्हणजे किंमत घ्या, पण किंमत घेतल्यावर माणसाला मोकळे करा. त्या वेळी हे विधेयक पुढे जाऊ शकले नाही, ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले.

आम्ही वतनाची गुलामी आणि फोनचे कुलूप यांना एका तागडीत तोलत नाही. जातीने माणसाच्या देहावर, श्रमावर, इज्जतीवर जे केले त्याची तुलना कुठल्याही यंत्राशी होऊ शकत नाही. पण स्वस्तात किंवा सवलतीत काहीतरी हातात देऊन त्यासोबत न सुटणारी अट बांधायची, ही रीत ओळखायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे. ती नव्या वेशात आली तरी ओळखता आली पाहिजे.

टेलिफोनपासून सुरुवात

अमेरिकेत हा झगडा मोबाईलच्या कितीतरी आधी सुरू झाला. तिथे टेलिफोनवर एटी अँड टी या कंपनीची मक्तेदारी होती आणि घरातला फोनही कंपनीच्याच मालकीचा मानला जाई. त्याला बाहेरची कुठलीही वस्तू जोडायला बंदी होती. ‘हश-अ-फोन’ नावाची एक साधी वाटी होती. ती फोनच्या तोंडाला बसवली की खोलीतल्या दुसऱ्या माणसाला आपले बोलणे ऐकू जात नसे. कंपनीने तिलाही हरकत घेतली. दूरसंचार आयोगाने आधी कंपनीची बाजू घेतली, पण १९५६ साली अपील न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. पुढे टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी बिनतारी रेडिओ टेलिफोनला जोडणारे ‘कार्टरफोन’ हे उपकरण काढले. १९६८ साली आयोगाने निर्णय दिला की नेटवर्कला इजा होत नसेल तर ग्राहकाला आपले उपकरण जोडण्याचा हक्क आहे. याच निर्णयाने इतर कंपन्यांच्या उत्तर देणाऱ्या यंत्रांना, फॅक्सला आणि मोडेमला टेलिफोनच्या तारेवर जागा मिळाली. घरोघरी इंटरनेट पोचण्याच्या मागे ही लढाई आहे.

तेव्हाही कंपनीचे म्हणणे होते की बाहेरची वस्तू जोडली तर नेटवर्क बिघडेल. हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

२००७: सतरा वर्षांचा पोरगा

२९ जून २००७ रोजी अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीला आला. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. एवढे पैसे मोजूनही ग्राहकाला एटी अँड टीशी दोन वर्षांचा करार करावा लागे आणि फोन दुसऱ्या नेटवर्कवर चालत नसे. दोनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, न्यू जर्सीतल्या जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलाने फोन उघडून, त्याच्या पट्टीवर प्रत्यक्ष काम करून ते कुलूप काढले. तो एक फोन देऊन त्याने बदल्यात मोटारगाडी आणि तीन नवे आयफोन घेतले, ही गोष्ट तेव्हा जगभर गाजली.

कंपनीचे उत्तर सप्टेंबरमध्ये आले. नवा अपडेट टाकल्यावर अनलॉक केलेले अनेक फोन बंद पडले, त्यांची अक्षरशः वीट झाली. आपणच विकत घेतलेली वस्तू विकणारा दुरून निकामी करू शकतो, हे सामान्य ग्राहकाने तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. पहिल्या आयफोनवर बाहेरच्या माणसाने बनवलेले ॲप टाकण्याची सोयच नव्हती. ॲपलचे ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडले. त्याच्या काही महिने आधीच जे फ्रीमन यांनी ‘सिडिया’ सुरू केले होते आणि जेलब्रेक केलेल्या फोनवर लोक हवे ते ॲप टाकत होते. म्हणजे ज्यांना कंपनी नियम मोडणारे म्हणत होती, त्यांनीच ॲपच्या दुकानाची वाट आधी चालून दाखवली होती.

कायद्याने दिलेली तीन वर्षांची परवानगी

अमेरिकेत १९९८ साली डिजिटल कॉपीराइटचा कायदा आला. त्याच्या कलम १२०१ ने डिजिटल कुलूप मोडण्यालाच गुन्हा ठरवले, मग आत काहीही चोरलेले नसले तरी. सवलत हवी असेल तर दर तीन वर्षांनी काँग्रेसच्या ग्रंथालयाकडे अर्ज करायचा. २००६ साली फोन अनलॉक करायला सवलत मिळाली. जुलै २०१० मध्ये, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या अर्जावर, जेलब्रेकलाही मिळाली. या अर्जाला विरोध करताना ॲपलने सांगितले होते की अशा फोनमुळे मोबाईलचे टॉवर कोलमडू शकतात. कार्टरच्या वेळचे तेच वाक्य चाळीस वर्षांनी पुन्हा आले.

२०१२ साली ग्रंथालयाने नव्या फोनसाठी अनलॉकिंगची सवलत काढून घेतली. आपण इकडे प्रजासत्ताक दिन साजरा करत होतो त्या २६ जानेवारी २०१३ पासून अमेरिकेत आपलाच नवा फोन कंपनीला न विचारता अनलॉक करणे बेकायदा झाले. लोक चिडले. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरच्या अर्जावर १ लाख १४ हजारांहून जास्त सह्या झाल्या. सरकारला दखल घ्यावी लागली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामांनी अनलॉकिंगची मुभा परत देणाऱ्या कायद्यावर सही केली. पण मूळ कलम तसेच राहिले. सवलत दर तीन वर्षांनी मागायचीच आहे.

या सवलतीत आणखी एक खोच होती. २०१० साली जेलब्रेक करायला परवानगी मिळाली, पण त्यासाठी लागणारे साधन बनवून दुसऱ्याला देण्याला सवलत मिळाली नाही. म्हणजे दार उघडायची मोकळीक आहे, पण किल्ली बनवणाऱ्याला संरक्षण नाही. चवदार तळ्याचा इतिहास माहीत असणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला. कागदावरचा हक्क आणि वापरता येणारा हक्क यांतले अंतर लोकांनी स्वतः चालून कापावे लागते.

अँड्रॉइड: मोकळी म्हणून आलेली प्रणाली

२००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन आला. या प्रणालीचा पाया लिनक्स आहे आणि लिनक्सच्या परवान्याची अट अशी की त्यात बदल करून वाटणाऱ्याने आपला बदललेला कोडही खुला करावा. या अटीमुळेच कस्टम रॉम शक्य झाल्या. स्टीव्ह कोंडिक यांची ‘सायनोजेनमॉड’ त्यांत सर्वात गाजली. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने त्यांना नोटीस पाठवली, कारण रॉमसोबत गूगलची स्वतःची बंदिस्त ॲप्स वाटली जात होती. तोडगा निघाला: रॉम वेगळी, गूगलची ॲप्स वेगळी. तेव्हाच स्पष्ट झाले की पाया खुला असला तरी दरवाजे खुले नाहीत.

पुढे या प्रकल्पाची कंपनी झाली, आणि त्याचा एक अंक भारतात घडला. डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्सने भारतातले सायनोजेनचे हक्क फक्त आपले असल्याचे सांगून वनप्लसच्या फोनविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवस त्या फोनची विक्री थांबली. लोकांनी मिळून उभे केलेले काम कंपनीच्या हाती गेले की ते मक्तेदारीचे हत्यार कसे होते, याचा हा धडा. २०१६ च्या शेवटी सायनोजेनने काम गुंडाळले. पण कोड खुला होता म्हणून कार्यकर्त्यांनी तो उचलून ‘लिनिएज ओएस’ या नावाने पुढे नेला. संस्था बुडाली तरी काम लोकांकडे राहिले.

देवनागरी दिसावी म्हणून

मराठी माणसासाठी रूटिंग हा हौसेचा मामला नव्हता. २०१० ते २०१२ च्या सुमारास स्वस्त अँड्रॉइड फोन आपल्याकडे पोचले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच फोनवर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत. फोनमध्ये देवनागरीचा फॉन्टच नव्हता. फॉन्टची फाइल प्रणालीच्या फोल्डरमध्ये टाकायची तर तिथे कंपनीने आपल्याला मज्जाव केलेला. मग लोक फोन रूट करत, फॉन्ट टाकत. तरीही वेलांट्या जागा सोडत आणि जोडाक्षरे फुटत, कारण अक्षरे जुळवणारा भागच अपुरा होता. ज्यांना रूटिंग जमत नसे ते ऑपेरा मिनी ब्राउझरच्या लपलेल्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांची चित्रे मागवत आणि तशी मराठी वाचत.

काही कंपन्यांनी आपापल्या फोनमध्ये सोय केली. पण फोनची भाषा म्हणून मराठी निवडण्याची अधिकृत सोय अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या अखेरीस, पाचव्या आवृत्तीत आली. तोवर ज्याला इंग्रजी येत नाही त्याने काय वाचायचे, हा प्रश्न बनवणाऱ्यांना पडला नव्हता. अक्षरापासून कोणाला दूर ठेवायचे हे कोणी मुद्दाम ठरवावेच लागते असे नाही. ठरवणाऱ्यांच्या खोलीत आपण नसलो की ते आपोआप घडते.

भारतात काय झाले

आपल्याकडे हा प्रश्न आयफोनच्या आधीच कोर्टात गेला. रिलायन्स इन्फोकॉमने स्वस्त हप्त्यावर सीडीएमए फोन दिले. ते फक्त त्यांच्याच सेवेला बांधलेले होते. टाटा इंडिकॉमच्या कर्मचाऱ्यांवर आरोप झाला की त्यांनी हे फोन नव्याने प्रोग्रॅम करून आपल्या सेवेवर आणले. फौजदारी गुन्हा दाखल झाला. २००५ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने मोबाईल फोन हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली संगणकच आहे असे म्हटले, आणि फोनमधले ओळख-क्रमांक बदलणे हे कलम ६५ खाली सोर्स कोडशी छेडछाड ठरू शकते म्हणून त्या कलमाखालची कारवाई रद्द करायला नकार दिला. दोन बड्या घराण्यांच्या भांडणात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते नोकर.

यानंतर दोन चांगल्या गोष्टी झाल्या. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. नंबर आपला झाला. आणि २०१२ साली कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. अमेरिकेपेक्षा हे कलम शहाणे आहे. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप मोडले तर शिक्षा आहे. कायद्याने मनाई न केलेल्या कारणासाठी मोडले तर हे कलम आड येत नाही. दुसऱ्याला मदत करणाऱ्याने मात्र त्या माणसाचे नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवावी लागते. रिपेअरिंग करणाऱ्या प्रत्येक पोराला ही ओळ माहीत हवी.

२०१७ साली जिओफोन आला. १५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत, जाहिरातीत फोन फुकट. आत अटी अशा की सिम त्याच कंपनीचे चालणार आणि वर्षाला किमान १५०० रुपयांचे रिचार्ज करावे लागणार. गरिबाच्या हातात इंटरनेट पहिल्यांदा पोचले, हे आम्ही नाकारत नाही. पण ते पोचले ते बांधलेल्या दाव्यासकट.

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडमधल्या मक्तेदारीबद्दल गूगलला १३३७.७६ कोटी रुपये दंड केला आणि आधीपासून टाकलेली ॲप्स काढण्यापासून ग्राहकाला रोखू नये असेही आदेशात म्हटले. म्हणजे आपल्या फोनमधून नको असलेले ॲप काढता यावे, एवढ्या साध्या गोष्टीसाठी देशाच्या आयोगाला आदेश द्यावा लागला.

‘सुरक्षेचे काय?’

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. रूट केलेल्या फोनमध्ये घातक ॲप शिरले तर त्यालाही सर्वाधिकार मिळू शकतात. चोरीच्या फोनचे कुलूप काढून विकणारे लोक आहेत. बँकांची बरीच ॲप्स असा फोन ओळखून चालायला नकार देतात. २०१९ साली पेगासस प्रकरणात भीमा कोरेगाव खटल्याशी संबंधित वकील आणि कार्यकर्त्यांना लक्ष्य केल्याचे समोर आले. तेव्हापासून आपल्या माणसांसाठी फोनची सुरक्षा हा जिवाचा प्रश्न आहे. कार्यकर्त्याने घाईने फोन रूट करून स्वतःला उघडे पाडावे, असे आम्ही मुळीच सांगणार नाही.

पण सुरक्षेसाठी कुलूप लागते, याचा अर्थ किल्ली कंपनीकडेच हवी असा होत नाही. गूगलच्या पिक्सेल फोनवर मालकाला बूटलोडर उघडता येतो, दुसरी प्रणाली टाकता येते आणि नव्या सहीने पुन्हा कुलूप लावता येते. ‘ग्राफीन ओएस’ ही सुरक्षेसाठी नावाजलेली प्रणाली याच मार्गाने बसवतात. म्हणजे सुरक्षा आणि मालकी या दोन्ही गोष्टी एकत्र मिळू शकतात. मग बाकीच्या कंपन्या देत का नाहीत? हुआवेने २०१८ साली अनलॉकचे कोड देणे बंद केले. शाओमीने अर्ज आणि प्रतीक्षेची अट घातली आणि ती पुढे कडक करत नेली. जे कालपर्यंत मिळत होते ते आज काढून घेतले जाते, आणि ग्राहकाला विचारले जात नाही.

‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या १९४७ च्या निवेदनात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की सरकारने हात काढून घेतला म्हणजे माणूस आपोआप स्वतंत्र होत नाही, त्या जागी खासगी मालकाची हुकूमशाही येते. फोनवर ‘मी सहमत आहे’ हे बटण दाबताना आपण ज्या अटी मान्य करतो त्या कुठल्या विधिमंडळाने केलेल्या नाहीत. तरी आपल्या रोजच्या जगण्यावर त्यांचा अंमल चालतो.

आपण काय मागायचे

वस्तीत वापरले जाणारे बरेच फोन जुने, दुसऱ्या हाताचे असतात. कंपनी अपडेट बंद करते, ॲप चालेनासे होते आणि चांगला फोन भंगारात जातो. पदरमोड करून नवा घ्यावा लागतो तो ज्याला परवडत नाही त्यालाच. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पूर्ण पैसे फिटले की सिमचे कुलूप निघाले पाहिजे. कंपनीने अपडेट थांबवले की बूटलोडरची किल्ली मालकाला मिळाली पाहिजे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती टपरीवरच्या कारागिरालाही मिळाली पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली होती. तो हक्क कायद्यात उतरेपर्यंत त्याचा पाठपुरावा संघटनांनी केला पाहिजे. सरकारी योजनेचे ॲप फक्त कंपनीच्या सहीच्या फोनवर चालेल, अशी अट कुठे येत असेल तर तिला विरोध केला पाहिजे.

आणि शिकणाऱ्या पोरांना चार गोष्टी. आयएमईआय क्रमांकाला हात लावायचा नाही, तो गुन्हा आहे. बूटलोडर उघडताना फोनमधले सगळे पुसले जाते, आधी जपून ठेवा. बँकेच्या एकुलत्या एका फोनवर प्रयोग करू नका. आणि दुसऱ्याचा फोन हाती आला तर मालकी तपासा, नोंद ठेवा.

राजकीय सत्तेला गुरुकिल्ली म्हणायची आपली सवय जुनी आहे. पण ज्या यंत्रावर आता अर्ज, शिष्यवृत्ती, मजुरी आणि मोर्चाचा निरोपही येतो, त्या यंत्राची किल्ली कोणाकडे आहे हेही विचारायला हवे. पुढच्या अभ्यासवर्गात हा विषय घ्या. टपरीवर काम करणाऱ्या आपल्या पोराला त्या दिवशी वक्ता म्हणून बोलवा. त्याला यातले आपल्या पदवीधरांपेक्षा जास्त कळते.

जय भीम!